दिवाळी कोणत्या रकान्यात?

मिठाईच्या दुकानाचा २०२३चा तक्ता उघडला तर ऑक्टोबर आपटलेला आणि नोव्हेंबर उसळलेला दिसायची दाट शक्यता आहे. दोन्हींत धंद्याचा काही संबंध नाही. २०२२ला लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ला १२ नोव्हेंबरला. पुढच्या वर्षी ते १ नोव्हेंबरला आलं, म्हणजे लाडू-चिवड्याची बहुतेक खरेदी पुन्हा ऑक्टोबरात. ‘गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा इतके टक्के’ हे वाक्य या दुकानांपुरतं निरर्थक आहे, आणि तरी ते सगळ्यात आधी विचारलं जातं.

आमच्या दाजींचं असं एक दुकान आहे. रोजमेळाची वही त्यांनी वर्षानुवर्षं हातानं लिहिली. भाच्यानं ती गूगल शीट्समध्ये चढवली. ए रकान्यात तारीख, बीमध्ये माल, सीमध्ये रक्कम. मग क्वेरीचं सूत्र: महिन्यानुसार गट पाड, रक्कम बेरीज कर, वर्षं आडवी मांड. एका ओळीत काम झालं. हजारो नोंदींतून महिने उभे आणि वर्षं शेजारी-शेजारी, आता फक्त वजाबाकी आणि भागाकार.

इथेच दोन खोड्या आहेत. एक, क्वेरीतला महिना शून्यापासून सुरू होतो. जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा. त्यामुळे १०समोरची विक्री ऑक्टोबरची नसून नोव्हेंबरची असते. सूत्रात एक मिळवावा लागतो. असं कोणी का केलं असेल, हा प्रश्न दाजींनी विचारला आणि भाचा हसला, उत्तर दिलं नाही. दुसरी खोडी जास्त घातक. शीटच्या दृष्टीनं तारीख म्हणजे ३० डिसेंबर १८९९पासून मोजलेल्या दिवसांचा आकडा. कोणी कौतुकानं ‘५ एप्रिल, दुपारपर्यंत’ असं लिहिलं की तो मजकूर होतो, आकड्यासारखा उजवीकडे न राहता डावीकडे सरकतो. आणि रकान्यात बाकीच्या तारखा असतील तर क्वेरी त्याला रिकामं समजते. चूक दाखवत नाही, ओरडत नाही. त्या दिवसाची विक्री त्या महिन्याच्या बेरजेत येतच नाही.

कर सल्लागाराला एप्रिल ते मार्च असं वर्ष लागतं, ते सोपं: वेगळ्या रकान्यात तारीख तीन महिने मागे ढकलायची आणि मग वर्ष काढायचं.

मोठ्या डेटाबेसांत हेच काम लॅग नावाचं फंक्शन करतं. त्याला ‘बारा ओळी वरचा आकडा आण’ म्हटलं की ते आणतं. पण त्याला ओळी कळतात, महिने कळत नाहीत. लॉकडाऊनमुळे एप्रिल २०२०ची ओळच नसेल, तर मार्च २०२१च्या बारा ओळी वर फेब्रुवारी २०२० बसलेला असतो आणि टक्केवारी मुकाट्यानं निघते. त्यापेक्षा तक्ता स्वतःशीच जोडावा: महिना तोच, वर्ष एकनं कमी. जोडी सापडली नाही तर रकाना रिकामा राहू द्यावा. रिकामा रकाना खोट्या टक्क्यापेक्षा बरा.

त्याच वर्षानं देशाचेही आकडे फिरवले होते. एप्रिल-जून २०२०मध्ये जीडीपी २३.९ टक्के घटल्याचं पहिल्यांदा सांगितलं गेलं, वर्षभरानं तीच तिमाही २०.१ टक्के वाढली. वरवर हिशेब जवळपास फिटला असं वाटतं. शंभराचे ७६ झाले आणि ७६चे साधारण ९१, इतकाच तो फिटला होता.

दिवाळीचं काय करायचं? पुष्कळजण ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्र मोजतात. त्यानं काम भागतं, पण कोणता आठवडा कमी पडला ते कळत नाही. आम्ही चौथा रकाना घातला. शेजारच्या छोट्या यादीत दरवर्षीच्या लक्ष्मीपूजनाची तारीख, आणि चौथ्या रकान्यात विक्रीची तारीख वजा लक्ष्मीपूजन. उणे दहा म्हणजे दहा दिवस आधी. आता क्वेरीला महिन्याऐवजी या रकान्यानं गट पाडायला सांगायचं. वसुबारसेसमोर वसुबारस येते, पाडव्यासमोर पाडवा (तिथीची वृद्धी-क्षय झाली तर एखादा दिवस सरकतो, तेवढं चालतं). गणपतीसाठी तशीच दुसरी यादी, कारण २०२२ची चतुर्थी ३१ ऑगस्टला होती आणि २०२३ची १९ सप्टेंबरला. मोदकांची विक्री महिन्यांवर मांडली तर तीही अशीच घसरते-उसळते.

दाजींना हे लगेच पटलं. त्यांचं म्हणणं, ‘आम्ही धंदा तिथीवरच करतो, कॅलेंडरवर फक्त लिहितो.’

अडलं ते अनारशांपाशी. १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३ अधिक श्रावण होता. जावयाला वाण द्यायचं म्हणून अनारशांच्या ओळी भराभर वाढत गेल्या. त्याच्या शेजारी २०२२ ठेवा, वाढ अफाट; २०२४ ठेवा, धंदा बुडाला. दोन्ही वर्षांत अधिक महिनाच नव्हता. त्याआधीचा अधिक आश्विन २०२०चा, १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर, तोही साथीच्या सावटाखाली. म्हणून अनारशांना भाच्यानं वेगळं पान दिलंय. त्यात वर्षांऐवजी अधिक महिने आहेत, आणि २०२६च्या अधिक ज्येष्ठाची, १७ मे ते १५ जून, जोडी त्यानं थेट २०२३शी लावली आहे.