दोन आज्या, एक नाव: एआय एजंटला माणूस शोधायला सांगताना

मागच्या महिन्यात मी एक घोळ घातला. वडिलांकडच्या आजीचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून एआय एजंटला सांगितलं, "आजीचे फोटो शोध आणि अल्बम बनव." पहिले चार-पाच फोटो बघितले आणि लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली, वर 'पुण्यस्मरण' लिहून. त्या अल्बममध्ये आईकडच्या आजीचेही फोटो होते. ती साताऱ्यात ठणठणीत आहे आणि ग्रुपवरही आहे. ती हसली, पण आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

चूक कुणाची? सरळ सांगतो, माझी.

येरवड्यातल्या आमच्या घरी एका जुन्या लॅपटॉपवर मी 'इमिच' चालवतो. हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर गूगल फोटोजसारखं काम करतं, फक्त फोटो आपल्याच मशीनवर राहतात. ते प्रत्येक चेहऱ्याचं रूपांतर आकड्यांच्या एका यादीत करतं. दोन याद्या एकमेकींच्या पुरेशा जवळ असल्या की चेहरा एकाच माणसाचा धरला जातो. त्या गटाला नाव मात्र आपण द्यायचं. मी दोन्ही गटांना 'आजी' असंच नाव दिलं होतं. घरात आपण तसंच म्हणतो ना!

इमिचच्या एपीआयमध्ये नावावरून व्यक्ती शोधायची सोय आहे. उत्तरात यादी येते, आणि ती बरोबरच आली होती: दोन आज्या, दोन वेगळे आयडी. एजंटसाठी मी जे टूल लिहिलं, त्याच्या वर्णनात एकच ओळ होती: 'नावावरून व्यक्ती शोधा.' दोन उत्तरं आली तर काय करायचं, हे कुठेच नव्हतं. एजंटने दोघींचे फोटो काढले आणि एकत्र केले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' आणला, तेव्हापासून एजंटला टूल जोडणं सोपं झालंय. प्रत्येक टूलसोबत नाव, वर्णन आणि काय माहिती द्यायची याचा साचा जातो. मॉडेल ते वाचून ठरवतं. पूर्वी डॉक्युमेंटेशन माणसं वाचायची आणि शंका आली तर विचारायची. एजंट अडला तर बहुतेक वेळा अंदाज बांधून पुढे जातो. म्हणून आता माझ्या वर्णनात हे लिहिलंय:

१. हे टूल नाव शोधतं, माणूस ओळखत नाही. एकापेक्षा जास्त उत्तरं आली तर थांबून युजरला विचार.

२. रिकामी यादी म्हणजे फोटो नाहीत असं नाही. त्या चेहऱ्याला नाव दिलेलं नसेल.

३. अल्बम शेअर करण्याआधी युजरची परवानगी घे.

पण वर्णन म्हणजे सूचना, कुलूप नव्हे. इमिचच्या उत्तरात नावासोबत जन्मतारीखही येते. माझे फोटो घरात असले तरी एजंटचं मॉडेल बाहेरच्या सर्व्हरवर चालतं, म्हणजे टूल जे परत देईल ते घराबाहेर गेलंच. त्यामुळे जन्मतारीख आणि लपवलेल्या व्यक्ती मी कोडमध्येच गाळून टाकल्या. 'हे सांगू नकोस' असं लिहिण्यापेक्षा हातात न देणं चांगलं.

मोठ्या कंपन्याही इथे सावध झाल्यात. फेसबुकने नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा ओळखण्याची यंत्रणा बंद करून १०० कोटींहून जास्त लोकांचे साचे पुसणार असल्याचं जाहीर केलं. ३१ मार्च २०२५ नंतर गूगल फोटोजच्या एपीआयमधून बाहेरच्या ॲपला तुमची पूर्ण लायब्ररी वाचता येत नाही. ॲपने स्वतः अपलोड केलेलंच त्याला दिसतं, बाकीचे फोटो तुम्ही निवडून द्यायचे.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. घरगुती वापराला या कायद्यातून सूट आहे. माझा लॅपटॉप त्यात बसतो. पण हेच टूल उद्या मी सोसायटीच्या गणपतीचे फोटो शोधून द्यायची सेवा म्हणून चालवलं, तर मला 'घरगुती' म्हणता येणार नाही. मग प्रत्येक चेहऱ्यामागच्या माणसाची संमती हा माझा प्रश्न होतो.

तुम्ही कोड लिहीत नसाल तरी आज दोन कामं करा. फोटो ॲपमध्ये लोकांना दिलेली नावं तपासा. एकाच नावाचे दोघं असतील तर वेगळी नावं द्या. आणि कुठलाही एजंट गॅलरीची परवानगी मागत असेल, तर 'सगळे फोटो'ऐवजी 'निवडक फोटो' द्या.

माझ्याकडे आता 'आजी पुणे' आणि 'आजी सातारा' आहेत. साताऱ्याच्या आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मला आधी विचारलं असतंस तर?" खरंय. तिच्या चेहऱ्याचे आकडे माझ्या लॅपटॉपवर तीन वर्षं पडून आहेत आणि विचारलं मी कधीच नव्हतं.