सहाण हेच गावाचे व्यासपीठ



‘रत्नागिरीच्या खेड्यांत गाण्या-वाजवण्याला हक्काची जागाच नव्हती’ हे गेल्या आठवड्यातील पत्रातले विधान पटले नाही. मग सहाण, म्हणजे पालखी बसवायचा गावातला चौथरा, कशासाठी होती? शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर बसते आणि समोर नमन हे लोकनाट्य रंगते. मृदंगावर थाप पडते, झांजा घुमतात. आधी गण, मग गवळण. उंच टोपीचा संकासुर आला की पोरे मागे सरकतात. ही कला मुंबईच्या गिरणगावातल्या चाकरमान्यांनीही जगवली. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन आणि शक्ती-तुऱ्याच्या गाण्यांचे सामने वर्षानुवर्षे रंगले. नवे व्यासपीठ जरूर बांधा, पण सहाण मोडून नको. आणि मृदंग शिकवणाऱ्या बुजुर्गांना ग्रामपंचायतींनी मानधन द्यावे.

– एक वाचक, रत्नागिरी