अनामत की बिनव्याजी कर्ज?

घर सोडण्याचा दिवस ठरतो, सामान टेम्पोत चढते, किल्ली मालकाच्या हाती जाते आणि त्याच क्षणी भाडेकरू याचक बनतो. कालपर्यंत "पैसे तुमचेच आहेत, कुठे जात नाहीत" असे ज्या रकमेविषयी सांगितले जात होते, तिचा हिशेब आता मालकाच्या मर्जीने होऊ लागतो. भिंतींना रंग द्यावा लागेल, नळाची गळती काढावी लागेल, विजेचे शेवटचे बिल यायचे आहे, सोसायटीचा दाखला मिळायचा आहे! या सबबी संपल्या की अखेरची आणि त्यातल्या त्यात खरी सबब पुढे येते: "नवा भाडेकरू आला की त्याच्याकडून घेऊन देतो." या एका वाक्यात साऱ्या व्यवहाराचे मर्म उघडे पडते. अनामत म्हणून घेतलेले पैसे मालकाने केव्हाच वापरून टाकलेले असतात. जुन्या दफ्तरी भाषेत याला अमानतीत खयानत म्हणत. आज याला 'बाजाराची रीत' म्हणतात.

ही रीत लहानसहान नाही. बंगळुरात दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची परंपरा दीर्घकाळ चालत आली आहे. मुंबईत तर 'हेवी डिपॉझिट' नावाचा प्रकारच आहे: भाडे नाममात्र, अनामत लाखांत, आणि तिच्यावरचे व्याज हेच मालकाचे खरे भाडे. गावची जमीन गहाण टाकून, भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन किंवा सावकाराकडून व्याजाने काढून कामगार ही रक्कम उभी करतो. म्हणजे एका हाताने तो व्याज भरतो आणि दुसऱ्या हाताने मालकाला बिनव्याजी कर्ज देतो.

हे कर्जच आहे, असे म्हणणे ही आमची अतिशयोक्ती नव्हे. महाराष्ट्र सरकारही तेच मानते. मात्र स्वतःच्या वसुलीपुरते! लिव्ह अँड लायसन्स करारावरील मुद्रांक शुल्क ठरवताना राज्याचा मुद्रांक कायदा परतफेडीच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के व्याज हिशेबात धरतो आणि ते भाड्याच्या रकमेत मिळवून एकूण रकमेवर ०.२५ टक्के शुल्क आकारतो. भाडे २०,००० आणि अनामत १,००,००० असेल, तर अकरा महिन्यांत त्या अनामतीवर सुमारे ९,१६७ रुपये व्याज होते, असे सरकारी तिजोरी गृहीत धरते. हे व्याज भाडेकरूला मिळते काय? एक पैसाही नाही. उलट ते मुद्रांक शुल्क पुष्कळदा त्याच्याच खिशातून जाते. जे व्याज कर आकारण्यापुरते खरे आहे, ते परत देण्याच्या वेळी खोटे कसे ठरते, याचे उत्तर महसूल खात्याने द्यावे.

कायद्याचा कल कुणीकडे आहे, हे पाहायचे असेल तर दोन पारडी शेजारी ठेवावीत. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने पागडीसारख्या जादा रकमा घेण्यास बंदी केली होती. पागडी थांबली नाही, ती चोरवाटेने चालू राहिली, हे खरे; पण निदान तो गुन्हा होता. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने अशा रकमा घेणे कायदेशीर करून टाकले. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर त्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि जागा रिकामी करून घेण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची झटपट वाट उपलब्ध आहे. मालकाने अनामत अडवली तर? त्यासाठी दुप्पट दंड नाही आणि झटपट वाटही नाही. भाडेकरूने नोटीस पाठवावी, वकील करावा, दावा लावावा आणि तारखा मोजाव्यात. चाळीस हजारांसाठी रोजंदारी बुडवून वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी कोण चढणार? मालकाला हे पक्के ठाऊक असते, आणि त्याचा सारा धीटपणा या ठाऊक असण्यावरच उभा आहे.

मालकांचे कैवारी म्हणतात: भाडेकरू मोडतोड करतात, भाडे बुडवतात, म्हणून हाताशी काही ठेवावे लागते. एखादा निवृत्त गिरणी कामगारही आपली खोली भाड्याने देतो, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. मोडतोड झाली असेल तर ती दाखवावी, पावती ठेवावी, तेवढी रक्कम कापावी. पण दोन-तीन वर्षे राहिल्यावर भिंतीचा रंग उडणारच. तो वापराचा परिणाम आहे, त्याची किंमत भाड्यातच वसूल झालेली असते. आणि ज्याला खरोखर केवळ सुरक्षितता हवी आहे, त्याची ती रक्कम तिसऱ्या, तटस्थ हाती राहण्यास हरकत का असावी? हरकत त्यालाच असते, ज्याला सुरक्षिततेपेक्षा भांडवल हवे असते.

ही कल्पना स्वप्नरंजन नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून अनामत मान्यताप्राप्त योजनेखाली सुरक्षित ठेवणे बंधनकारक झाले. ते न करणाऱ्या मालकाला आज अनामतीच्या तिप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. जर्मनीच्या कायद्यात घराच्या अनामतीची मर्यादा तीन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे, ती तीन हप्त्यांत देता येते, मालकाने ती वेगळ्या खात्यात ठेवायची आणि व्याज भाडेकरूचे. हे देश काही समाजवादी नव्हेत! तेथील भांडवली संसदांनाही जे द्यावे लागले, ते आपल्याकडे मागितले की म्हणे गृहबाजार कोसळेल.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे आणि ताबा परत घेण्याच्या दिवशीच अनामत परत करण्याची तरतूद आहे. तेवढा भाग चांगलाच. परंतु मुदतीनंतर राहणाऱ्या भाडेकरूला पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे लावण्याची घाईही त्याच मसुद्यात आहे. शिवाय तो राज्यांवर बंधनकारक नाही. दिल्लीतील साथींना याचा अर्थ सांगायला नको: १९५८ चा तेथील भाडेकायदा १९८८ च्या दुरुस्तीपासून ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागांना लागू होत नाही, आणि १९९५ साली संसदेने संमत केलेला नवा कायदा कधी अमलातच आला नाही.

आपल्यातील काही साथी या प्रश्नाकडे मध्यमवर्गीय कुरबुर म्हणून पाहतात. एंगेल्सने १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना घरमालक-भाडेकरू संबंध हा भांडवलदार-कामगार संबंध नव्हे, असे बजावले होते. ते बरोबरच आहे. पण लढून मिळवलेली पगारवाढ अनामतीच्या नावाने घरमालकाकडे अडकून पडत असेल, तर युनियनने तिकडे पाठ फिरवावी, असा त्यातून अर्थ निघत नाही. वस्तीतील शाखांनी आजच करण्याजोगे पुष्कळ आहे. महाराष्ट्रात करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे किती भाडेकरूंना माहीत आहे? अनामत बँकेमार्फतच द्यावी. राहायला जाताना आणि सोडताना भिंती, नळ, पंखे यांची छायाचित्रे व मीटरचा आकडा टिपून दोघांच्या सह्या घ्याव्यात. चिडून मुदतीनंतर जागा अडवून बसू नये, कारण दुप्पट भरपाईचा सापळा त्याचीच वाट पाहत असतो. किल्ली देताना शाखेचे दोघे साथी सोबत असावेत, आणि रक्कम तेथेच मिळाली नाही तर बाकीची नेमकी रक्कम व परतफेडीची तारीख मालकाकडून त्याच जागी लिहून घ्यावी.