मोत्याची दिवाळी

आमच्या मोत्याचा परिचय या सदराच्या वाचकांना नव्याने करून द्यायला नको. नव्या वाचकांसाठी इतकेच सांगतो, की तो जातीने गावठी, रंगाने तांबडा, वयाने अकरा वर्षांचा आणि स्वभावाने फौजदार आहे. आम्ही हातखंब्याला राहतो. मुंबईकडून येणारा महामार्ग इथे रत्नागिरीला फाटा देतो आणि पुढे गोव्याकडे निघून जातो. अंगणासमोरून रात्रंदिवस ट्रक धावत असतात, पण मोत्या त्यांना भीक घालीत नाही. पोस्टमन असो, वासुदेव असो की मते मागायला आलेला उमेदवार असो, सर्वांना तो सारख्याच करड्या आवाजात दरडावतो.

पण दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब वाजला, की आमचे फौजदार पलंगाखाली! अंग थरथरते, तोंडाला फेस येतो, पुढ्यातल्या भाताला तोंड लावीत नाही. त्याचाही इलाज नाही. सेकंदाला वीस हजार कंपनांच्या वरचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. कुत्र्याला चाळीस हजारांच्या वरचाही येतो. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितले. मोत्याला ते वाचता येत नाही आणि फटाके लावणाऱ्यांना वाचायचे नसते.

तीन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो साखळी तोडून पळाला. दोन दिवस आम्ही महामार्ग पालथा घातला. रस्त्याकडेला गाडीखाली सापडलेले कुत्रे दिसले, की मी खाली उतरून पाहायचा, आपले नाही म्हणून हुश्श करायचा, आणि मग त्या हुश्श करण्याची लाज वाटायची. अखेर पालीच्या बाजूला एका मोरीत तो सापडला. शेपटी हलवण्याचेही त्राण त्याच्यात उरले नव्हते.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मंडळींनी निकाल दिला, "लक्ष्मीची पूजा मुलगा-सून करतील. आपण घरी नसलो म्हणून लक्ष्मी रुसायची नाही. मोत्या मात्र एकदा गेला तर परत यायचा नाही."

तेव्हापासून आमची दिवाळी संगमेश्वरजवळच्या कसब्याला, राहुटीत होते. निवळी, बावनदीचा पूल, वांद्री असे करीत आमची जुनी मोटार तासाभरात तिथे पोचते. एका परिचितांच्या कलमांच्या बागेत, त्यांना आधी विचारून, राहुटी ठोकायची. नदी दिसावी, पण राहुटी पाण्यापासून चांगली वर असावी. परतीचा पाऊस घाटमाथ्यावर कोसळला, तर खाली कोरडे आकाश असतानाही पाणी चढते.

पहिल्या वर्षी माझी कल्पना अशी, की आपण आत निजावे आणि मोत्याने बाहेर राखण करावी. बागेच्या मालकांनी ती ऐकली आणि ते हसले. म्हणाले, "भाऊ, त्याला बाहेर ठेवाल, तर सकाळी नुसती साखळी मिळेल. वाघरू येतं इकडे." ते खोटे सांगत नव्हते. नगर जिल्ह्यात अकोल्याच्या बाजूला विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. त्या रात्री मोत्या आम्हा दोघांच्या मध्ये झोपला आणि मी कंदील व काठी उशाशी घेऊन जागा राहिलो. वर्षभर आमची राखण करणाऱ्याची राखण आता आम्ही करायची होती. रात्री दोनदा उठून त्याचा श्वास ऐकला. तो माझ्यापेक्षा मोठ्याने घोरत होता.

कसब्याला अलकनंदा, वरुणा आणि शास्त्री या नद्यांचा संगम आहे आणि जवळच कर्णेश्वराचे जुने, कोरीव कामाने भरलेले दगडी देऊळ आहे. देवळाशी आमचा पहिला पेच पडला. केंद्राच्या संरक्षित स्मारकांत जनावर नेण्यास १९५९ च्या नियमांनीच मनाई आहे. देवळाला तर असा कागदही लागत नाही. कुत्र्यावाचून स्वर्गातही पाऊल टाकणार नाही म्हणणाऱ्या धर्मराजाची गोष्ट मला आठवली. पण धर्मराजाला मागे भाविकांची रांग नव्हती. तेव्हा आम्ही तोड काढली. आधी मंडळींनी आत जायचे आणि मी मोत्याला घेऊन बाहेर बसायचे, मग अदलाबदल.

बाहेर बसलो आणि ध्यानात आले, की याआधी हे देऊळ मी कधी बाहेरून पाहिलेच नव्हते. चपला काढायच्या, घंटा वाजवायची, नमस्कार करून निघायचे, एवढेच माझे दर्शन. आता अर्धा तास दुसरा उद्योग नाही. दगडी भिंतीच्या कोनाकोनांवरून ऊन कसे सरकते, ते मी मोत्याच्या कृपेने पाहिले.

संध्याकाळी संभाजी महाराजांच्या स्मारकापाशी गेलो. १६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभी याच कसब्यात महाराज मुकर्रबखानाच्या हाती सापडले. खान कोल्हापूरकडून सह्याद्रीच्या अवघड वाटा तुडवीत अचानक येऊन ठेपला. म्हाळोजी घोरपडे इथेच लढता लढता पडले. पुढे ११ मार्चला महाराजांचा अंत झाला. मी हे मंडळींना सांगत होतो, आणि एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारा मोत्या पायाशी गप्प बसून होता. त्याला इतिहास कळला असे मी म्हणणार नाही. माझा आवाज जड झाला होता, एवढे मात्र त्याला कळले.

नरकचतुर्दशीला पहाटे नदीच्या गार पाण्याने स्नान झाले. राहुटीच्या दाराशी मंडळींनी अंगठ्याने कारीट फोडले. मोत्याने पुढे होऊन ते चाटले आणि असे काही तोंड केले, की नरकासुराचीच चव लागली असावी. मग दहीपोहे आणि गूळपोहे. त्याचा वाटा बिनमिठाच्या दहीभाताचा. पाणी मात्र त्याला घरचेच पाजतो. साचलेल्या डबक्यात तोंड घालू देत नाही. निघण्यापूर्वी त्याच्या अंगावरच्या गोचिडी वेचायच्या आणि त्याने केलेली घाण खड्डा करून पुरायची, ही दोन कामे माझ्याकडे. दुसऱ्याच्या बागेत पुन्हा बोलावणे यावे असे वाटत असेल, तर त्याला पर्याय नाही.

फटाके कसब्यालाही वाजतात. पण दूरवर, दोन-चार. यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री असाच एक वाजला. मोत्याने कान टवकारले, उठून माझ्या अंथरुणाशी आला, माझ्या पावलांवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. पाय आखडला तरी मी हललो नाही. अकरा वर्षांच्या कुत्र्याला अशा किती दिवाळ्या उरतात, हा हिशेब मी मांडीत नाही.

पाडव्याला दुपारी घरी आलो. ओवाळणी झाली. दुसऱ्या दिवशी पोस्टमन दिवाळीची पोस्त मागायला आला, तेव्हा आमचे फौजदार पुन्हा कामावर रुजू झाले होते.