प्रतिकृति पारखावी ती खालून

प्लास्टिकच्या मालमोटारीची प्रतिकृति जुळविणें हा निव्वळ खेळ असून त्यांत विद्यार्थ्याचा वेळ फुकट जातो, असा पुष्कळ पालकांचा समज आहे. प्रदर्शनांत रंगाची चकाकी पाहून बक्षीस देण्याच्या रीतीनें हा समज दृढच होतो. आमच्या मतें या कामांतील खरें शिक्षण रंगांत नसून गाडीच्या पोटाखालीं, आंस व कमानी बसविण्यांत आहे. आणि परीक्षाहि तेथेंच व्हावी.

उदाहरणार्थ, दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन जी. एम. सी. अडीच-टनी मालमोटार घ्या. १९४१ ते १९४५ या काळांत अशा पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिला पुढें एक व मागें दोन असे तीन आंस आणि एकंदर दहा टायर. मागच्या बाजूस डावीकडे व उजवीकडे पोलादी पाट्यांची एकेक कमान असते. तिचा मध्य सांगाड्याला धरलेला व टोकें दोन आंसांवर टेकलेलीं. एक चाक दगडावर चढलें कीं कमान कलते, आणि दुसरें चाक जमीन सोडीत नाहीं.

जपानांतील तामिया कंपनीनें या गाडीची ३५ पटींनीं लहान प्रतिकृति काढली आहे. अशा प्रतिकृतींत बहुधा कमान लवत नाहीं. ती केवळ आकारानें कमान. म्हणून खरी कमान जी चूक सांभाळून घेते, ती येथें जुळविणाऱ्याच्या हातानेंच टाळावी लागते. तीन पायांची तिवई कोठेंहि स्थिर राहते; सहा ठिकाणीं टेकणाऱ्या गाडीस ती सवलत नाहीं. चौकटीपासून भाग कापतांना राहिलेला बारीक कण आंसाच्या बैठकींत अडकला, तरी एक चाक अधांतरीं राहतें. येथला अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडींतील साडेसतरा मिलिमीटर!

यास उपाय सोपा, पण धीराचा आहे. प्रथम सर्व भाग कोरडेच बसवून पाहावे. हें प्लास्टिक जोडणारा द्रव चिकटवीत नाहीं, तर दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो. तो ओला आहे तोंवरच आंस सरळ करतां येतो; वाळल्यावर तो मोडावाच लागतो. यास्तव सांधे ओले असतांनाच चाकें चढवून गाडी सपाट कांचेवर ठेवावी आणि प्रत्येक चाकाखालीं कागदाची पट्टी सरकवून पाहावी. जेथें पट्टी सहज आंत जाते, तेथें काम अपुरें आहे.

“खालची बाजू पाहतो कोण?” असें कोणी म्हणेल. घाट उतरणाऱ्या एस. टी.च्या उतारूंपैकीं तरी गाडीखालीं कोण वांकून पाहतो? कारखान्यांतील कोणा अपरिचित कारागिरानें आंस चोख बसविला असेल, या भरंवशावरच सारे निश्चिंत बसतात. असा भरंवसा ठेवण्याजोगे हात एका दिवसांत घडत नाहींत; ते लहानपणींच घडूं लागतात.

म्हणून परीक्षकांनीं रंग पाहण्यापूर्वीं प्रत्येक गाडी कांचेवर ठेवून कागदाची पट्टी फिरवावी, अशी आमची सूचना आहे. आणि पालकांस विनंति ही कीं, मुलाचा वांकडा आंस आपण सरळ करूं नये. द्रव अजून ओला आहे, एवढेंच त्यास सांगावें.