रॅम महागली, विंडोज १० संपलं: जुन्या गेमिंग कॉम्प्युटरचा फक्त प्रोसेसर बदलून भागेल का?

माझा गेमिंग कॉम्प्युटर २०१८ चा आहे. रायझेन ३ १२०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आणि नंतर घेतलेलं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. गेल्या वर्षी व्हॅलोरंट खेळताना तो इतका अडखळायला लागला, की समोरचा गोळी मारून जायचा आणि माझा स्क्रीन नंतर हलायचा. दुकानात विचारलं तर एकच उत्तर मिळालं, "काऊन जुन्यावर पैसे घालतो बाबू? नवीनच घे ना."

नवीन म्हणजे किती, ते आमच्या झरी जामणीच्या हिशोबात सांगतो. इकडे सगळी मोजदाद कापसात चालते. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आहे. नवा बोर्ड, नवी रॅम आणि नवा प्रोसेसर मिळून चार-पाच क्विंटल कापूस जातो. कोरडवाहू एकरात बरेचदा निघतोच तेवढा. बाबांना हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून मी फक्त प्रोसेसर बदलायचं ठरवलं. तो एक ते दीड क्विंटलात बसतो.

आत्ताच हा प्रश्न का आला?

दोन गोष्टी एकत्र घडल्या. पहिली, १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेट्सची सोय आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायचं तर इंटेलची ८ वी पिढी किंवा रायझेन २००० मालिका, साधारण इथून पुढचे प्रोसेसर लागतात. माझा १२०० त्या यादीत नाही.

दुसरी गोष्ट रॅमची. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि तिथे नफाही जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत डीडीआर५ रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने 'क्रुशल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर४ सुद्धा महागली, कारण तिचं उत्पादन आधीच कमी होत चाललं होतं. फोनमध्येही याच कंपन्यांची मेमरी असते, त्यामुळे तुमच्या पुढच्या फोनच्या किमतीवरही याचा दाब येणार.

याचा सरळ अर्थ असा, की तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमधली रॅम आज जपून ठेवण्यासारखी वस्तू आहे. नव्या एएम५ बोर्डवर फक्त डीडीआर५ चालते, म्हणजे तिकडे गेलात की जुनी रॅम बाद. जुना बोर्ड ठेवला तर ती वाचते.

सगळ्यांना जमत नाही

फोनचा प्रोसेसर बोर्डवर पक्का बसवलेला असतो, तो बदलता येत नाही. कॉम्प्युटरचा बदलता येतो, पण कंपनीने दार उघडं ठेवलं असेल तरच.

एएमडीने एएम४ हे सॉकेट वर्षानुवर्षं चालवलं. २०१७ च्या पहिल्या रायझेनपासून २०२२ मध्ये आलेल्या रायझेन ५ ५६०० पर्यंत सगळे त्याच खाचेत बसतात. इंटेलची गोष्ट वेगळी. ६ वी, ७ वी, ८ वी आणि ९ वी, चारही पिढ्यांचं सॉकेट एलजीए ११५१ च, पण ८ व्या-९ व्या पिढीचा प्रोसेसर ६ व्या-७ व्या पिढीच्या बोर्डवर चालत नाही. बसतो, पण सुरू होत नाही. 'सॉकेट तेच आहे' एवढं ऐकून सेकंडहँड आय५ घ्याल तर पैसे पाण्यात.

खरेदीआधी तीन तपासण्या

पहिली: दोष प्रोसेसरचाच आहे का? गेम चालू असताना विंडोज आणि जी ही बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर ते आपली पूर्ण ताकद लावतंय, प्रोसेसर बदलून फार फरक पडणार नाही. कार्ड अर्धवट रिकामं आणि प्रोसेसर धापा टाकतोय, तर दोष प्रोसेसरचा. माझं हेच होतं.

दुसरी: बोर्डचं नेमकं नाव. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ते दिसतं. त्या नावाने कंपनीच्या साइटवर प्रोसेसर सपोर्टची यादी उघडा. तुम्हाला हवा तो प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो, ते तिथे लिहिलेलं असतं.

तिसरी: बायोस अपडेट. हे जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं, आधी जुना काढला तर अडकलात. मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी मित्राचा यूपीएस एका रात्रीसाठी मागून आणला. ड्राइव्ह एनक्रिप्ट केलेला असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर कॉम्प्युटर ती मागू शकतो.

माझी चूक

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. मी कॉम्प्युटर थंड असतानाच कूलर सरळ वर ओढला. पेस्ट सुकून चिकटली होती, त्यामुळे कूलरसोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला आणि दोन पिना वाकल्या. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने त्या सरळ करेपर्यंत जिवात जीव नव्हता. तुम्ही आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, कूलर हळूच डावीउजवीकडे फिरवून सैल करा आणि मगच उचला.

५५०० की ५६००?

दोन्हींत ६ कोअर, १२ थ्रेड आणि ६५ वॉट, म्हणजे साध्या पॉवर सप्लायवरही चालतात. फरक कॅशचा. ५५०० मध्ये १६ एमबी एल३ कॅश, ५६०० मध्ये ३२. गेममध्ये ही कॅश कामी येते, म्हणून थोडे जास्त पैसे असतील तर ५६०० घ्या. दोन्हींत इनबिल्ट ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागणारच.

मी ५६०० घेतला. व्हॅलोरंट आता लोण्यासारखं चालतं, विंडोज ११ ही बसलं. पण खरं सांगायचं तर ग्राफिक्सने जड असलेल्या गेममध्ये काहीच बदललं नाही, कारण तिथे १६५० च अपुरं पडतं. ते पुढच्या हंगामाला पाहू.

तुमच्या बोर्डची यादी 'नाही' म्हणत असेल तर त्यात एक रुपयाही घालू नका, विंडोज १० च्या जादा अपडेट्स सुरू करा आणि थांबा. 'हो' म्हणत असेल तर नव्याच्या मागे धावायची घाई नाही. आणि उद्या नवा कॉम्प्युटर घ्याल तेव्हा दुकानदाराला किमतीआधी एक विचारा: या सॉकेटवर पुढचे प्रोसेसर बसतील का? मी २०१८ मध्ये हे विचारलं नव्हतं. माझं नशीब चांगलं होतं, एवढंच.