अधिवेशनाचे प्रयोजन

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की शिक्षक संघटनांच्या आणि मुख्याध्यापक संघांच्या अधिवेशनांचे दिवस येतात. निमंत्रणपत्रिका शाळाशाळांतून फिरू लागतात, विशेष नैमित्तिक रजेचे परिपत्रक निघाले की नाही याची चौकशी सुरू होते, आणि सेलूसारख्या तालुक्याच्या गावातून अधिवेशनास निघालेल्या मंडळींच्या गाडीच्या वेळा शिक्षकखोलीत ठरू लागतात. या निमित्ताने एक प्रश्न आमच्या व्यवसायबंधूंपुढे व भगिनींपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. अधिवेशनाहून परतलेला शिक्षक पुन्हा वर्गात पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्या अध्यापनात आणि मुख्याध्यापकाच्या कारभारात काय फरक पडलेला असतो?

हा प्रश्न विचारताना संघटनांच्या कार्यास उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. एप्रिलअखेर सेवा संपुष्टात आणायची आणि जूनमध्ये त्याच शिक्षकास नव्याने नेमून उन्हाळी सुटीचा पगार वाचवायचा, ही काही खासगी संस्थांतील वहिवाट ज्या पिढीने भोगली, तिला संघटनेची महती कोणी सांगावी लागत नाही. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७ चा, त्याची नियमावली १९८१ ची. रीतसर चौकशीवाचून कायम शिक्षकास बडतर्फ करता येणार नाही आणि केल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येईल, ही सनद शिक्षकाच्या हाती आली, ती संघटित रेट्यावाचून आली नसती. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या असाव्यात, एवढी प्रतिष्ठा या राज्यात फार थोड्या व्यवसायांच्या वाट्यास आलेली आहे.

मराठवाड्यातील शिक्षकास तर एकत्र येण्याचे मोल इतरांहून अधिक ठाऊक असावयास हवे. निजामी अमदानीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, खासगी शाळा काढावयास सरकारची परवानगी लागे, आणि गश्ती निशान ५३ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमाने सभा भरवण्यावरही निर्बंध घातले होते. अशा काळात औरंगाबादेत सरस्वती भुवन, अंबाजोगाईत योगेश्वरी, हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा अशा संस्था उभ्या राहिल्या, आणि सेलूतही नूतन विद्यालयाचा पाया घातला गेला. प्रथम हिप्परग्यास आणि पुढे अंबाजोगाईस शिक्षक म्हणून राबलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. आणि महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली भरले, तेही सेलूच्या शेजारी, परतूरला. त्या पिढीच्या दृष्टीने शाळेत काय शिकवावे आणि समाजात कशासाठी एकत्र यावे हे दोन निराळे प्रश्न नव्हते.

आज मात्र ते निराळे पडले आहेत. अधिवेशनाचे चित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे: उद्घाटक उशिरा येतात, शाल-श्रीफळांच्या सत्कारांत मध्यान्ह टळते, मान्यवरांची मनोगते लांबतात, आणि जुनी पेन्शन, निवडश्रेणी, संचमान्यता, शालार्थ प्रणालीतील अडकलेली देयके यांविषयीचे ठराव पंगती बसू लागल्या असता हात उंचावून संमत होतात. या मागण्या अयोग्य आहेत असे कोण म्हणेल? परंतु मांडवात शेकडो शिक्षक बसलेले असताना वाचन, गणित, परीक्षा यांविषयी एकही अवघड प्रश्न उपस्थित होऊ नये, याचे वैषम्य वाटते. विषयांची चर्चा गणित व विज्ञान अध्यापकांच्या मंडळांकडे सोपवून संघटना मोकळ्या झाल्या, आणि त्या मंडळांच्या मागे संघटनांचे बळ उरले नाही.

अशी चर्चा कशी असू शकते, याचे एक लहानसे उदाहरण घेऊ. ४०२ मधून १५८ वजा करा, असे सांगितले असता चौथी-पाचवीतील काही मुले ३५६ असे उत्तर लिहितात. शेरा मारून चूक खोडणाऱ्यास त्यात केवळ निष्काळजीपणा दिसतो. पण बारकाईने पाहणाऱ्यास कळते, की मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याचा स्वतःचाच एक नियम बसवला आहे, आणि शून्य दशक असताना शतक सुटे करून त्याचे दशक कसे करावयाचे, हे त्यास कधी उमगलेलेच नाही. अशा वेळी एकाने काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले, दुसऱ्याने नाण्या-नोटांचा आधार घेतला, तिसऱ्याचा प्रयत्न फसला. हे तिघे एका बाकावर बसून बोलले, तर ज्या ज्ञानाची भर पडेल ते कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत ओस पडणारे वर्ग, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले परत आल्यावर त्यांना सामावून घेण्याची रीत, प्रभारी मुख्याध्यापकाने दप्तर आणि अध्यापन यांचा मेळ कसा घालावा, हे प्रश्नही याच जातीचे. ते परभणी जिल्ह्याचे आहेत आणि त्यांची उत्तरे इथल्याच अनुभवातून निघावयाची आहेत.

केंद्राच्या शिक्षण परिषदा आणि शासनाची प्रशिक्षणे असता हा नवा उपद्व्याप कशाला, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर असे, की तिथला विषय बहुधा वरून येतो आणि शिक्षकाची भूमिका श्रोत्याची राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. संघटनांनी आपल्या सभांतील विषयचर्चेचे तास त्यात धरले जावेत, अशी मागणी करावी आणि त्या चर्चेचा दर्जा आपल्या जबाबदारीवर राखावा. आपल्या कामाची कसोटी जो व्यवसाय स्वतः ठरवीत नाही, त्याची कसोटी इतरेजन ठरवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक ठरवले, तेव्हा उमटलेला संताप आम्ही समजू शकतो. पण चांगले अध्यापन कशास म्हणावे, याचे आम्हीच सिद्ध केलेले प्रमाण आमच्या हाती असते, तर त्या संतापास अधिक वजन आले असते.

म्हणून आमची तजवीज साधी आहे. अधिवेशनाचा पहिला अर्धा दिवस सत्कारांवाचून केवळ वर्गातील कामासाठी राखून ठेवावा. त्यात भाषण नसावे, शिक्षकाने स्वतः केलेल्या प्रयोगाचे, यशाइतकेच अपयशाचेही, टिपण वाचले जावे. सत्रातून एकदा शनिवारी शाळा सुटल्यावर तालुक्याच्या ठिकाणी बैठक भरवावी, म्हणजे रजेचा आणि बुडालेल्या तासांचा प्रश्नच उद्भवणार नाही. सेलू मनमाड–काचीगुडा लोहमार्गावर असल्याने मानवत आणि परतूरकडील मंडळींसही येणे अवघड नाही. मुख्याध्यापक संघाने सेवापुस्तिका, संचमान्यता, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन यांतील निवाड्यांची माहिती देणारे एक टिपण नव्या मुख्याध्यापकांसाठी सिद्ध करावे.

१८६१ साली सुरू झालेल्या मराठी शालापत्रकापासून शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिण्याची परंपरा या भाषेत आहे. तिला अनुसरून आम्ही आमची पाने अशा टिपणांसाठी खुली ठेवीत आहोत. येत्या अधिवेशनास जाताना प्रत्येकाने ठरावांच्या मसुद्याबरोबर आपल्या वर्गातील एक न सुटलेला प्रश्नही लिहून न्यावा, तो मांडण्यास पाच मिनिटे मागावीत, आणि त्यावर जे बोलले गेले ते आम्हांस कळवावे, ही विनंती.